पहिला चहा चुकणाऱ्याचा

नागपूरच्या हुडकेश्वरला राहायला आल्यापासून शेजारच्या बायका मला हमखास विचारतात, काकू, तुम्ही नोकरी कोणती करत होता? मी सांगते, कूलरच्या कारखान्यात होते. मग त्यांना वाटतं, हिशेब लिहीत असेन, नाहीतर ऑफिसात बसून फोन घेत असेन. मी म्हणते, नाही, मी चुकांचं नियोजन करायचे. यावर बहुतेक जणी हसतात. एकीने तर मला तोंडावर सांगितलं, "चुका का ठरवून करा लागते का काकू? आमच्या घरी तं त्या आपोआपच होते."

तिचं बरोबर होतं. चुका आपोआप होतात, हे ज्याला मनापासून पटलं तोच माझं काम करू शकतो. माणसाने लक्ष दिलं की चूक होत नाही असं ज्याला वाटतं त्याने खुशाल प्रवचन करावं, कारखान्यात पाऊल टाकू नये. पुण्याहून एकदा एक सल्लागार आले होते. त्यांनी आमच्या भिंतीवर भलामोठा फलक लावायला लावला, त्यावर लिहिलं होतं 'शून्य चूक'. मी त्या फलकाकडे बघून रोज सकाळी चिडायचे. अहो, घरात पोळ्या करताना एखादी जळतेच की. जळलेली पोळी पाहुण्याच्या ताटात जाऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी कूलर सांगते. नागपूरच्या माणसाने हा परिच्छेद वगळला तरी चालेल, तो कूलरच्या आवाजातच लहानाचा मोठा झालेला असतो. कूलर दिसायला अगदी साधा. पत्र्याची चौकोनी पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, टाकीत बुडालेला छोटासा पंप आणि समोर पंखा. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं, आणि पंखा त्या ओल्या गवतातून वारा ओढून खोलीत सोडतो. गंमत एवढीच, की पाणी, वीज आणि लोखंडी पत्रा या तिघांना आपण एकाच पेटीत कोंडतो. त्या तिघांचं भांडण झालं तर टाकीत पाणी भरणाऱ्या बाईचा ओला हात पत्र्याला लागतो आणि घरात आक्रोश होतो. आमच्याकडे दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. ते भांडण होऊ न देणं, हा आमच्या सगळ्या कामाचा गाभा होता.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. मी तेव्हा नंदनवनला राहत होते. सीताबर्डीला बस बदलून जावं लागायचं, पुढे मेट्रो झाली तेव्हा माझी निवृत्ती तोंडावर आली होती. कारखान्यात रुळांचं एक लांब टेबल होतं, त्याला आम्ही लाइन म्हणायचो. रिकामी पेटी एका टोकाला चढायची आणि एकेका माणसापाशी थांबत पुढे सरकायची. कुणी मोटर बसवायचं, कुणी पंप, कुणी वायरिंग, कुणी ताट्या. दुसऱ्या टोकाला मीटर लावून तपासणी झाली की पेटीचा कूलर झालेला असायचा.

माझं काम होतं उद्याची लाइन आज डोळ्यांपुढे चालवून बघायचं. उद्या काय काय बिघडेल? पंपांची गाडी अडकेल, वीज जाईल, माणसं येणार नाहीत. यातलं माणसांचं गणित मला पॉलिटेक्निकमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. आमचा अर्धा माल होळीच्या आधी तयार व्हावा लागे, आणि आमच्या अर्ध्या लोकांची गावाकडे शेती. ऐन फेब्रुवारीत हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला आला की लाइनवरचे हात गायब. पुढे लग्नसराई. पहिल्या वर्षी मी रजेचे अर्ज बघून योजना केली आणि तोंडघशी पडले, कारण लग्नाला जाणारा माणूस रजेचा अर्ज करत नाही, तो सरळ लग्नाला जातो. दुसऱ्या वर्षापासून मी डबा खाताना बायकांमध्ये बसायला लागले. कुणाच्या चुलतसासऱ्याच्या मुलीचं जमलं, कुणाच्या शेतात यंदा गहू आहे, सगळं कळायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरात लग्नतिथींवर मी पेन्सिलीने फुल्या मारायचे. मालक भाऊसाहेब म्हणायचे, बाई, तुम्ही इंजिनियर आहात की लग्न जुळवणाऱ्या? पण त्या फुल्यांच्या दिवशी आमची लाइन कधी बंद पडली नाही.

भाऊसाहेबांबद्दल सांगायला हवं. माणूस मेहनती, स्वतःच्या हाताने पत्रा कापून धंदा उभा केलेला. मनाने चांगले. पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता आणि तो ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. मला तो बाणा वाटत नसे, हट्ट वाटे. आमचे खटके उडायचे, आणि तरीही त्यांनी मला कधी माझ्या जागेवरून हलवलं नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. धंतोलीहून एक आजोबा नवाकोरा कूलर परत घेऊन आले, तक्रार काय, तर आवाज येत नाही. आवाज नाही म्हणून त्यांना झोप लागत नव्हती. आम्ही त्यांची समजूत घातली, शेवटी पंख्याची जाळी किंचित सैल करून दिली तेव्हा ते समाधानाने गेले. दुसरी जात म्हणजे पिन कापणाऱ्यांची. प्लगला तीन पिना असतात, त्यातली वरची जाड पिन अर्थिंगची. घरातल्या जुन्या सॉकेटला दोनच भोकं असली की हे महाभाग ती तिसरी पिन पकडीने कापून टाकतात. ज्या पिनेवर जीव अवलंबून, तीच नेमकी. मी अशा लोकांना फोनवर इतकी बोलले आहे की एका गृहस्थांनी माझी तक्रार केली होती.

आता ताटांची गोष्ट, म्हणजे जेवायच्या ताटांची, कूलरच्या ताट्यांची नव्हे. माझी आई पूजेला बसण्याआधी तबकात सगळं मांडून घ्यायची. हळद, कुंकू, अक्षता, वाती, कापूर, काडेपेटी. आरती अर्ध्यात आली आणि काडेपेटी सापडत नाही, असं आमच्या घरी कधी झालं नाही. आणि पूजा आटोपल्यावर तबकात काही उरलं, तर काहीतरी करायचं राहिलं हे आपोआप कळायचं. मी लाइनवर तेच केलं. प्रत्येक कूलरचं एक स्टीलचं ताट. त्या कूलरला लागणारे स्क्रू, वॉशर, क्लिपा, सगळं मोजून त्यात. पेटीबरोबर ताटही पुढे सरकणार. शेवटी ताट रिकामं असलं पाहिजे. काही उरलं तर कूलर तिथेच थांबणार. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

पद्धत सुरू झाली आणि ताटं रोज लख्ख रिकामी यायला लागली. भाऊसाहेब खूश, मीही खूश. मग एक दिवस गेटवर आमच्या रामदासची बायको उभी. रामदास पंखे बसवायचा, हाताने जलद, तोंडाने त्याहून जलद. तिच्या हातात लोणच्याची एक बरणी होती, आणि बरणीत आमचे स्क्रू.

"मॅडम, हे तुमचं सामान," ती म्हणाली. "याह्यच्या खिशातून निघते. माह्या वॉशिंग मशीनची पार वाट लागली."

रामदासला बोलावलं. चोरी वगैरे काही नव्हती, चोरून तो त्या स्क्रूंचं करणार काय? तो मान खाली घालून म्हणाला, ताटात उरवलं तर बरं नाही दिसत मॅडम, लहानपणापासून तेच शिकवलं ना घरी. मी खुर्चीत बसूनच राहिले. ताटात टाकू नये, हे आपल्याकडे पोराला चालायला येण्याआधी शिकवतात. आणि मी शहाणी, चूक पकडायला ताटच मांडलं. नंतर बघितलं तर एकटा रामदास नव्हता, निम्म्या लोकांचे खिसे वाजत होते. तेवढे कूलर पुन्हा उघडून बघावे लागले. ताटांच्या जागी मी दुसऱ्याच दिवशी निळे प्लास्टिकचे ट्रे आणले.

पण खरी अडचण भांड्याची नव्हती. माणसाला चुकीची लाज वाटते, आणि लाज वाटली की तो ती खिशात घालतो. मग मी इतवारीच्या बाजारातून एक पितळी घंटा आणली, शाळेत असते तशी, आणि लाइनच्या मधोमध टांगली. नियम असा केला, की ज्याच्या हातून चूक झाली, ज्याला ती दिसली, किंवा ज्याला नुसती शंका आली, त्याने घंटा वाजवायची. लाइन थांबणार. कुणी चुकलं, असं कुणी विचारायचं नाही, चूक कशी झाली एवढंच बघायचं. आणि सकाळच्या सुट्टीत कँटीनची किटली आली की पहिला कप आदल्या दिवशी सगळ्यात आधी घंटा वाजवणाऱ्याचा. सगळ्यांसमोर, मी स्वतः नेऊन देणार.

आधी लोक लाजायचे. रामदासनेच ती लाज मोडली. आपल्या पहिल्या चहाचा कप त्याने नवरदेवासारखा मिरवत नेला. मग मात्र रंगत आली. उद्याचा पहिला चहा कोणाचा, यावर पैजा लागायच्या. लाइन आधीपेक्षा जास्त वेळा थांबायची, पण दुकानांतून परत येणारे कूलर कमी होत गेले. माझ्या नोकरीतले ते सोन्याचे दिवस होते. अजूनही सकाळी गॅसवर चहा उकळायला लागला की मला ती सुट्टी आठवते.

त्या दिवसांना दृष्ट लागावी तशी एक गोष्ट घडली, आणि ती घडली आमच्या सगळ्यांत चांगल्या कामगाराच्या हातून. तिचं नाव वनिता. नागपूरलगतच्या वाडीहून यायची. वायरिंगचं टेबल तिचं. कूलरच्या पत्र्याला हिरवी अर्थिंगची वायर जोडायची, ते सगळ्यात जोखमीचं काम तिच्याकडे होतं. वीज चुकून पत्र्यात उतरली तर ती या वायरीतून जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. पण पत्र्यावर रंग असतो, आणि रंगातून वीज जात नाही. म्हणून स्क्रूखाली दातेरी वॉशर घालायचा. स्क्रू आवळला की त्याचे दात रंग खरवडून पत्र्यात रुततात. साधा गुळगुळीत वॉशर घातला तरी कूलर चालतो, तपासणीत मीटरही बहुतेक वेळा पास करतं. पण ट्रकमध्ये हादरे बसून स्क्रू जरासा सैल झाला की ती वायर नुसती शोभेची उरते.

एप्रिलचा शेवट होता. उन्हाने जीव नकोसा झालेला. सकाळी लाइन सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता आणि घंटा वाजली. बघते तर वनिता. तिच्या तळहातावर दोन-तीन वॉशर होते.

"मॅडम, याले दातच नाहीत," ती म्हणाली.

डबीत दातेरी आणि साधे वॉशर मिसळले होते. पुरवठादाराच्या पाकिटातूनच तसे आले होते. मी विचारलं, कधीपासून?

"मालूम नाही," ती म्हणाली. "आज सकाळी डबी भरली तवाचे हाये, का कालचे, मले सांगता नाही येत. काल घाई चालून राहिली होती. हात चालत होते, ध्यान नव्हतं."

काल जोडलेले सगळे कूलर त्या दिवशी सकाळी लवकर ट्रकमधून चंद्रपूरला निघाले होते. तिथल्या एका प्रसूतिगृहाची ऑर्डर होती. बाळंतिणींच्या वॉर्डात लावायचे होते, आणि त्या बाया उकाड्याने हैराण होऊन वाट बघत होत्या. हे वनितालाही ठाऊक होतं. ती गप्प राहिली असती तर जगात कुणालाही काही कळलं नसतं.

मी केबिनमध्ये गेले. भाऊसाहेबांनी विचारलं, किती कूलरमध्ये चुकीचे वॉशर आहेत? मी म्हटलं, माहीत नाही. आहेत हे तरी नक्की का? तेही नाही. मग ट्रक कशासाठी परत बोलवायचा? मी म्हटलं, नक्की माहीत नाही म्हणूनच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं आज माझी नोकरी गेली. पण त्यांनी फोन उचलला. ड्रायव्हर चंद्रपूरच्या वाटेवर, जामच्या चौकात ढाब्यावर नाश्त्याला थांबला होता. ट्रक वळला.

दुपारी सगळे कूलर उतरवले. लाइन बंद ठेवून आम्ही सारे जण ते उघडायला बसलो. ताट्या काढायच्या, हिरव्या वायरीचा स्क्रू सोडायचा, वॉशर बघायचा. पहिला दातेरी निघाला. दुसरा दातेरी. तिसरा दातेरी. वनिता माझ्या शेजारी उभी होती. सुरुवातीला प्रत्येक वॉशरबरोबर तिचा चेहरा सैल होत होता. अर्ध्याच्या पुढे गेलो आणि उलटं व्हायला लागलं. आता तिला वाटत होतं, एक तरी गुळगुळीत निघू दे. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. आपल्या शंकेची लाज राखायला कुठेतरी धोका सापडावा, असं दोघींना वाटत होतं.

एकही निघाला नाही. सगळे दातेरी. साधे वॉशर त्याच सकाळी भरलेल्या डबीत आले होते, आणि वनिताच्या हाताला पहिल्याच कूलरला ते लागले होते. म्हणजे तिने चूक होण्याआधीच पकडली होती. पण ट्रक परत आला होता, दिवस बुडाला होता, आणि चंद्रपूरहून डॉक्टरीणबाईंनी फोनवर भाऊसाहेबांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. तिथल्या बायांनी ती रात्र हाताने वारा घालत काढली असणार, हेही खरंच.

भाऊसाहेब बाहेर आले. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या वेळी आधी खात्री करा, मग घंटा वाजवा." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी किटली आली. मी पहिला कप भरून वनिताकडे नेला. तिने हात पुढे केला नाही.

"मी चूक केलीच नाही मॅडम, मंग चहा कायचा?" ती म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, "मले ताट्यांवर बसवा. तिथं गवतच भरा लागते. चुकलं तरी कोनाचा जीव नाही जात."

तिला मी समजावलं, रागावले, विनवलंसुद्धा. पण तिचं ठरलं होतं. वायरिंगच्या टेबलावर मी दुसरी बाई बसवली आणि वनिता कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये जाऊन गवत भरायला लागली. त्या सकाळचा कप माझ्या हातातच थंड झाला होता.

त्यानंतर घंटा वाजायची थांबली. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा संपत आला. लाइन सुरळीत चालली होती, रोज ठरल्यापेक्षा जास्त कूलर निघत होते. भाऊसाहेब मला म्हणाले, बघा बाई, लोक मनावर घेतात तेव्हा कशा चुका होत नाहीत. भिंतीवरच्या त्या 'शून्य चूक' फलकाकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं. मला मात्र ती गप्प घंटा खटकत होती. ज्या घरात पोरं अजिबात आवाज करत नाहीत, तिथे आई आधी उठून बघायला जाते. मीही बघायला गेले. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं, की केर टाकण्याआधी मला दाखवा. केरात पंपाच्या दोन क्लिपा होत्या. एक हिरव्या वायरीचा तुकडा होता. आणि टेबलाखाली, कुणीतरी पायाने ढकललेले स्क्रू.

मी ते सगळं रुमालात बांधून भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, 'आधी खात्री करा' हे तुमचं वाक्य मागे घ्या.

"मी काय वाईट बोललो?" ते म्हणाले.

"वाईट बोलला असतात तर बरं झालं असतं. लोक विसरून गेले असते. तुम्ही शहाण्यासारखं बोललात, म्हणून सगळ्यांना पटलं."

ते म्हणाले, मालकाने शब्द फिरवला की त्याला कारखान्यात कुणी विचारत नाही. मी म्हटलं, आत्ताही कुणी काही विचारत नाहीच आहे, बघा घंटेकडे. ते तापले. मीही तापले होते. मग मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्या घरच्या कूलरमध्ये पाणी कोण भरतं? ते म्हणाले, सूनबाई. मी म्हटलं, तो कूलर आपल्याच लाइनवर जोडलेला आहे. ज्या बाईने जोडला तिला त्या दिवशी शंका आली असेल, खात्री नव्हती, म्हणून ती गप्प बसली असेल तर? त्यांनी समोरचा रुमाल बाजूला सारला. मी रुमाल तिथेच ठेवून बाहेर आले. मनात म्हटलं, झालं, हा माणूस काही बदलायचा नाही, आपण राजीनामा लिहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत किटली आली. पहिला कप भरून ठेवलेला होता, घ्यायला कुणी नव्हतं, नेहमीसारखाच. केबिनचं दार उघडलं आणि भाऊसाहेब बाहेर आले. कुणाकडे न बघता त्यांनी तो कप उचलला. आम्हाला वाटलं, आता हा मानही त्यांनी स्वतःकडे घेतला. पण ते लाइन ओलांडून मागच्या शेडकडे निघाले. बशी नव्हती, चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडत होता. हातातले कप तसेच धरून आम्ही सगळे त्यांच्यामागे गेलो.

वनिता गवताच्या ढिगात बसली होती. मालकाला बघून ती गडबडीने उठली. तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. भाऊसाहेबांनी कप तिच्यापुढे धरला.

"त्या दिवशी मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "खात्रीच असती तर घंटा कशाला पाहिजे होती? घे."

वनिताने कप घेतला नाही. तिने त्यांना सरळ प्रश्न केला. मालकाला असा प्रश्न विचारायची हिंमत मला तरी झाली नसती.

"अन् पुढच्या खेपेले बी काहीच नाही निघालं तं, भाऊसाहेब?"

एक शब्दही मागे न घेणारा तो माणूस शेडच्या तोंडाशी उन्हात उभा होता. मला वाटतं, ट्रक, डॉक्टरीणबाईंचा फोन, बुडालेला दिवस, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा एकदा गेलं असावं.

"तरीबी चहा," ते म्हणाले.

वनिताने कप घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायला. मग रिकामा कप माझ्या हातात दिला, केसांतल्या काड्या झटकल्या आणि मला काही न विचारता, कुणाची परवानगी न घेता वायरिंगच्या टेबलाकडे चालायला लागली.

त्याच दुपारी घंटा वाजली. ताट्या बसवणाऱ्या एका बाईने उलट्या बाजूने ताटी लावली होती, अगदीच फुटकळ चूक. लाइन थांबली. भाऊसाहेब केबिनच्या दारात आले, त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि आत गेले. चूक झाली म्हणून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मी पदराने डोळे पुसले आणि त्या बाईला विचारायला गेले, ताटी उलटी बसतेच कशी, दाखव बरं मला.